पासवर्ड न विचारताच थांबलेला लॅपटॉप : डेबियन १३, नवा कर्नल आणि छोटं /बूट

मशीन २०१९ सालचं. त्या वर्षी आलेलं डेबियन १० (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) त्यावर टाकलं होतं आणि इन्स्टॉल करताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करण्याचा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी ठेवण्याचा पर्याय निवडला होता. मालकीण माझी आतेबहीण. ती कोल्हापूरला कॉलेजात भूगोल शिकवते. पंचगंगेचं पाणी कुठल्या साली कुठल्या पायरीपर्यंत चढलं याच्या तिने गोळा केलेल्या नोंदी, नकाशे आणि फोटो या डिस्कवर आहेत, म्हणून एन्क्रिप्शनचा आग्रह तिचाच. पुढे २०२१ मध्ये डेबियन ११, २०२३ मध्ये १२, दोन्ही अपग्रेड बिनबोभाट पार पडले. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आलं. गणपतीच्या सुट्टीत घरी निवांत वेळ होता, तेव्हा तिने तेही केलं. रीस्टार्ट केल्यावर लॅपटॉप सुरू होईना.

या प्रकरणात बिघाड तसा साधाच होता. लिहावंसं वाटलं ते दोन कारणांनी. एक तर पडद्यावर जे दिसलं त्यापेक्षा जे दिसलं नाही त्यातून खरा माग लागला. दुसरं म्हणजे ज्या आकड्याकडे सगळे आधी बघतात, तो आकडा इथे अगदी निर्दोष दिसत होता.

पडद्यावर काय होतं

ताईने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि शेवटची ओळ अशी: ‘कर्नल पॅनिक - नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. तिच्या कॉलेजातल्या एकाने तोपर्यंत ‘एसएसडी गेली’ असं निदान करून टाकलं होतं. दुसऱ्याने सिक्युअर बूट, म्हणजे सही न पटणारं सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय, बंद करायला सांगितलं होतं. आणि ‘फॉरमॅट मारा, एका तासात होईल’ म्हणणारा एकजण असतोच, तोही होता.

“अगं ताई, फॉरमॅट राहू दे. आधी मला सांग, पासवर्ड विचारला का त्याने?”

“नाही रे. तिथपर्यंत गेलाच नाही. कंपनीचा लोगो आला, मग निळा मेनू आला, मग हे.”

निम्मं काम इथेच झालं. एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कवर डेबियन सुरू होताना पासवर्डचा प्रश्न कोण विचारतं हे माहीत असलं की ‘विचारला नाही’ या उत्तराला अर्थ येतो. तो प्रश्न सुरुवातीचा मेनू दाखवणारा ग्रब विचारत नाही (निदान डेबियनच्या नेहमीच्या मांडणीत तरी), आणि सिस्टिमचा गाभा असलेला कर्नलही विचारत नाही. विचारते ती इनिटआरडी नावाची फाइल, म्हणजे तिच्या आतला छोटा प्रोग्रॅम.

लॅपटॉप चालू केल्यावर मदरबोर्डवरचं फर्मवेअर डिस्कच्या एका छोट्या पार्टिशनवरून ग्रबला उठवतं. ग्रब /बूट या दुसऱ्या पार्टिशनवरून दोन फाइली मेमरीत आणतो: एक कर्नल, म्हणजे ‘व्हीएमलिनझ’ने सुरू होणारी फाइल, आणि दुसरी इनिटआरडी. मग सूत्रं कर्नलकडे जातात. पण डेबियनच्या कर्नलमध्ये बहुतेक ड्रायव्हर आत बांधलेले नसतात, ते सुट्या मॉड्यूलच्या रूपात असतात. एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर मॉड्यूल, ईएक्सटी४ फाइलसिस्टिमही मॉड्यूल, डिस्क उलगडणारा डीएम-क्रिप्ट तोही मॉड्यूल. ही मॉड्यूलं राहतात कुठे? त्याच डिस्कवर, त्याच कुलपाआड. पेटीची किल्ली पेटीतच. म्हणून या ड्रायव्हरांची आणि पासवर्ड विचारणाऱ्या प्रोग्रॅमची एक वेगळी गाठोडी बांधून ती उघड्या /बूटवर ठेवतात. ती गाठोडी म्हणजे इनिटआरडी.

आता फोटोतली ओळ पुन्हा वाचली तर ‘अननोन-ब्लॉक(०,०)’ मधले दोन शून्य बोलायला लागतात. ते कर्नलच्या लेखी डिस्कचे क्रमांक असतात. एनव्हीएमई डिस्कचं पार्टिशन असेल तर पहिला आकडा सहसा २५९ असतो, जुन्या साटा डिस्कला ८. डिस्क दिसली आहे पण तिच्यावरची फाइलसिस्टिम वाचता येत नाही, अशी तक्रार असती तर तिथे असा काहीतरी खरा आकडा आला असता. शून्य-शून्य म्हणजे सांगितलेलं रूट, म्हणजे सगळी सिस्टिम जिथे असते ते मुख्य पार्टिशन, कर्नलला कुठेच सापडलं नाही. त्याच फोटोत वर ‘उपलब्ध पार्टिशनं ही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती आणि तिच्याखाली एकही नाव नव्हतं.

डिस्क मेली असती तरीही यादी रिकामी आली असती, हे खरं. पण मग ग्रब आणि कर्नल कुठून वाचले गेले? त्याच डिस्कवरून. म्हणजे डिस्क जिवंत होती. सिक्युअर बूटचा संशयही असाच गळतो. सही पटली नसती तर शिम (ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) किंवा ग्रब यांनीच कर्नलला अडवलं असतं, आणि पॅनिकचा संदेश लिहायला कर्नल मुळात चालायलाच मिळाला नसता. जो बोलतोय तो आत आलेला आहे.

मी ताईला पुन्हा चालू करून मेनूनंतरच्या ओळी मोबाइलवर व्हिडिओ करायला सांगितल्या. डेबियनमध्ये ग्रब कर्नल उचलताना ‘लोडिंग लिनक्स...’ अशी ओळ दाखवतो आणि तिच्यामागोमाग ‘लोडिंग इनिशियल रॅमडिस्क...’ अशी दुसरी. डोळ्यांनी बघताना त्या निसटतात, पण व्हिडिओ थांबवून बघता येतो. पहिली ओळ होती, ६.१२ या नव्या कर्नलच्या आकड्यासकट. दुसरी नव्हतीच.

म्हणजे ग्रबने गाठोडी आणली नव्हती, कारण आणायला सांगितलंच नव्हतं.

थोडं विषयांतर. ‘अपडेटनंतर सुरू होत नाही’ ही तक्रार कानावर आली की गाडी नक्की कुठपर्यंत जाऊन थांबली, हे मी आधी विचारतो. ‘ग्रब रेस्क्यू’ असं लिहून येत असेल तर कर्नलचा संबंधच नाही, ग्रबला स्वतःच्याच फाइली सापडत नाहीत. ‘इनिटरॅमएफएस’ असा कंसातला प्रॉम्प्ट येऊन कर्सर लुकलुकत असेल तर गाठोडी आली, पण तिला डिस्क सापडली नाही किंवा उघडता आली नाही. पासवर्ड घेतला, चाकं फिरली आणि मग पडदा काळा झाला, तर बहुतेक वेळा ग्राफिक्सचा ड्रायव्हर. ताईच्या पॅनिकसकट या चारही वेळी लोक ‘लिनक्स बूट होत नाही’ एवढंच सांगतात, आणि चारही वेळी उपाय वेगळे असतात.

जुन्या कर्नलवरून आत

ताईने तोवर मेनूतला ‘रिकव्हरी मोड’ करून पाहिला होता. तिथेही तेच पॅनिक. हे बरेच जण करतात आणि मग घाबरतात, की रिकव्हरीसुद्धा चालत नाही म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं. पण नव्या कर्नलच्या नावापुढचा रिकव्हरी मोड हा तोच कर्नल वेगळ्या पर्यायांनी सुरू करतो. कर्नलला गाठोडीच नसेल तर रिकव्हरीलाही नसते.

उपयोगाची ओळ खालची. ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर डेबियन’ उघडलं की सगळे कर्नल क्रमाने दिसतात. तिच्याकडे ६.१२ च्या खाली ६.१ मालिकेतले, म्हणजे डेबियन १२ च्या काळातले दोन होते. त्यातला वरचा निवडला, एंटर मारला, आणि पासवर्डचा प्रश्न आला. दोन मिनिटांत डेस्कटॉप समोर. ‘एसएसडी गेली’ म्हणणाऱ्याला तिने लगेच फोटो पाठवला, ते मी तिला सांगितलेलं नव्हतं.

नव्या डेबियनची बाकी सगळी पॅकेजं आणि खाली जुना ६.१ कर्नल, ही जोडी तात्पुरती खुशाल चालते. वायफाय लागलं, आवाज आला. मग मी पहिली गोष्ट करायला लावली ती दुरुस्तीची नव्हती. पुराच्या नोंदींचं फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायला सांगितलं. मशीन चालू आहे तोवरच हे सोपं असतं, आणि यापुढे आपण ज्या पार्टिशनला हात लावणार होतो त्यावरच उद्याचा पासवर्डचा प्रश्न अवलंबून होता.

निर्दोष दिसणारा आकडा

टर्मिनलमध्ये पहिली कमांड ‘एलएस -एलएच /बूट’. पुण्याहून कोल्हापूरला फोनवर कमांड सांगायची म्हणजे अक्षर-अक्षर, स्पेस, मग हायफन, असं म्हणत जावं लागतं. एका अर्थी ते बरं, कारण समोरचा माणूस काय टंकतोय ते वाचतो. तिने यादी वाचून दाखवली. ६.१ च्या दोन आवृत्त्यांना प्रत्येकी एक व्हीएमलिनझ आणि एक इनिटआरडी. ६.१२ ला फक्त व्हीएमलिनझ, सुमारे १२ एमबीचा. जोडीदार नाही.

“मग जागा संपली असणार,” मी म्हणालो. “डीएफ, स्पेस, हायफन एच, स्पेस, स्लॅश बूट.”

“अरे पण जागा आहे की. दोनशे छत्तीस एमबीतले सत्तर मोकळे दाखवतोय.”

बहुतेक जण इथे फसतात. एकतृतीयांशाच्या आसपास पार्टिशन मोकळं आहे म्हटल्यावर जागेचा संशय सोडून द्यावा आणि ग्रब, ड्रायव्हर किंवा कर्नलमधलाच काही दोष शोधत बसावं असं वाटतं. पण नवी इनिटआरडी बनवण्याची रीत बघा. अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड थेट अंतिम नावाने फाइल लिहीत नाही. ती शेजारी ‘.न्यू’ असं शेपूट असलेली फाइल लिहायला घेते, ती पूर्ण झाली तरच तिचं नाव बदलून जागेवर ठेवते, आणि मध्येच अपयश आलं तर ती अर्धवट फाइल पुसून टाकते. ही रीत चांगलीच आहे. तिच्यामुळेच जुन्या कर्नलांच्या गाठोड्यांना धक्का लागला नाही आणि आपल्याला आत शिरता आलं. पण तिचा दुसरा परिणाम असा, की जागा संपल्याचा पुरावाही तिच्याबरोबर पुसला जातो. पार्टिशन त्या काही सेकंदांपुरतं काठोकाठ भरतं, काम फसतं, फाइल जाते, आणि सत्तर एमबी पुन्हा मोकळे दिसू लागतात.

पुरावा दुसरीकडे शिल्लक असतो. /व्हार/लॉग/ॲप्ट या फोल्डरमध्ये ‘टर्म.लॉग’ नावाची फाइल असते. अपग्रेडच्या वेळी पडद्यावरून जे झरझर वर गेलं ते सगळं तिच्यात उतरलेलं असतं. त्यात ‘स्पेस’ शब्द शोधायला लावला आणि ओळ सापडली: ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. तिच्याखाली अपडेट-इनिटरॅमएफएस फसल्याची नोंद, त्याखाली लिनक्स-इमेज पॅकेज कॉन्फिगर करता आलं नाही अशी पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीची तक्रार. ‘डीपीकेजी --ऑडिट’ने तेच पॅकेज अर्ध्यात अडकल्याचं सांगितलं.

“हे आलं होतं शेवटी,” ताई म्हणाली. “पण बाकीचं सगळं झालं होतं ना, मग मी म्हटलं, एवढ्या हजार पॅकेजांत एखादं रुसायचंच.”

तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेकडो ओळींच्या शेवटी आलेली ती एरर मागच्या अपग्रेडमधल्या प्रिंटरच्या कुरबुरीसारखीच दिसते. फरक एवढाच, की अडकलेलं पॅकेज कर्नलचं होतं.

मग ग्रबने अर्धवट कर्नलला वरचा मान का दिला? कर्नलचं पॅकेज बसतं तेव्हा आधी इनिटआरडी बनते, मग ग्रबचा मेनू नव्याने लिहिला जातो. पहिली पायरी फसली की दुसरी होत नाही, त्यामुळे नुसता कर्नलच अपडेट झाला असता तर मेनू जुनाच राहून मशीन कदाचित ६.१ वरच सुरू झालं असतं. पण हे मोठं अपग्रेड होतं. त्यात ग्रबचं पॅकेजही बदललं, आणि त्याने आपल्या वाटणीचं काम म्हणून मेनू नव्याने लिहिला. मेनू लिहिणारी स्क्रिप्ट /बूटमध्ये व्हीएमलिनझ शोधते, सगळ्यात नवा वर ठेवते, आणि त्याची इनिटआरडी सापडली तर तशी ओळ जोडते. सापडली नाही तर जोडत नाही, आणि थांबतही नाही, कारण ज्यांनी स्वतः कर्नल बांधून सगळे ड्रायव्हर आतच घातलेले असतात त्यांना इनिटआरडी लागतच नाही. डेबियनच्या तयार कर्नलसाठी मात्र अशी ओळ म्हणजे ठरलेलं पॅनिक.

किती जागा लागणार ते आधी मोजणं

या टप्प्यावर इंटरनेटवर मिळणारा पहिला सल्ला असतो: जुने कर्नल उडवा. त्याहून वाईट सल्ला, /बूटमधल्या जुन्या फाइली हाताने डिलीट करा. हाताने केलं तर पॅकेजांचा हिशेब ठेवणाऱ्या ॲप्टच्या वहीत ते पॅकेज असल्याचंच लिहिलेलं राहतं आणि पुढच्या वेळी ते वेगळाच घोळ घालतं. आणि जुने कर्नल ही तर आत्ता आपली एकमेव वाट होती. काही उडवण्याआधी नव्या इनिटआरडीला किती जागा लागते ते मला बघायचं होतं.

ते सोपं आहे. ‘एमकेइनिटरॅमएफएस’ या कमांडला ‘-ओ’ देऊन दुसरीकडे कुठेही फाइल बनवायला सांगता येतं. मुख्य पार्टिशनवर जागा भरपूर होती, म्हणून /व्हार/टीएमपीमध्ये बनवली. नेहमीच्या /टीएमपीमध्ये मुद्दाम नाही. डेबियन १३ पासून ते सुरुवातीलाच मेमरीत ठेवलं जातं, आणि जुन्या लॅपटॉपच्या मेमरीवर उगाच भार टाकायला नको होता. फाइल तयार झाली ती १६० एमबीच्या आसपास. जुन्या दोन्ही पन्नास-पंचावन्नच्या घरात.

म्हणजे एक जुना कर्नल काढूनही भागलं नसतं. ६५ सुटले असते, ७० मोकळे होते, एकूण १३५. सल्ला मानून तो उडवला असता तरी पुन्हा तीच एरर आली असती, आणि मग हातात एकच जुना कर्नल उरला असता.

तिपटीने फुगण्याचं कारण फर्मवेअर. मदरबोर्डवरचं नव्हे, तर ड्रायव्हर वेगवेगळ्या कार्डांमध्ये भरतात ते. इनिटरॅमएफएस-टूल्सची मूळ सेटिंग ‘मॉड्यूल्स=मोस्ट’ अशी असते. म्हणजे गाठोडीत बहुतेक सगळ्या मशीनना पुरतील एवढे ड्रायव्हर भरायचे, आणि ज्या ड्रायव्हरला जे फर्मवेअर लागू शकेल तेही भरायचं. पासवर्डचा पडदा सजवून दाखवायला प्लिमथ असतं, त्यासाठी ग्राफिक्सचे ड्रायव्हर आत येतात. ग्राफिक्स कार्डांचं फर्मवेअर अलीकडे फार जड झालंय, विशेषतः एनव्हीडियाच्या नव्या कार्डांचं. ताईच्या लॅपटॉपमध्ये इंटेलचं ग्राफिक्स आहे, दुसरं कार्डच नाही. पण कधीतरी वायफायसाठी म्हणून फर्मवेअरची झाडून सगळी पॅकेजं टाकलेली होती. त्यामुळे या मशीनमध्ये नसलेल्या कार्डांचं सामानही रोज तिच्या /बूटवर मुक्कामाला.

याची पूर्वसूचना डेबियनने दिलेली होती. १३ च्या रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलंय, की डेबियन १० किंवा त्याआधी इन्स्टॉल केलेल्या मशीनवर /बूट लहान असू शकतं, अपग्रेडआधी ते किमान ७६८ एमबीचं आणि त्यातले साधारण ३०० एमबी मोकळे असावेत. रिलीज नोट्स वाचून अपग्रेड करणारी माणसं मी पाहिलेली आहेत, हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

दुरुस्ती

सेटिंग बदलायची होती ती एका शब्दाची. /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्स या फोल्डरमधल्या ‘इनिटरॅमएफएस.कॉन्फ’ फाइलमध्ये ‘मोस्ट’च्या जागी ‘डेप’. ‘मॉड्यूल्स’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, ‘डेप’ लहान अक्षरांत. याचा अर्थ, समोर असलेल्या मशीनला लागेल तेवढंच भर.

‘डेप’ला दोन खोडी आहेत आणि त्या माहीत असाव्यात. ती एसएसडी काढून दुसऱ्या लॅपटॉपला लावली तर सुरू होईलच असं नाही. आणि आपण जुन्या कर्नलवर बसून नव्यासाठी गाठोडी बांधत असू, तर सध्या चालू असलेले ड्रायव्हर बघूनच ती बांधली जाते. मधल्या काळात एखाद्या ड्रायव्हरचं नाव किंवा विभागणी बदलली असेल तर तो नेमका सुटू शकतो. म्हणून ६.१ चे दोन्ही कर्नल आहेत तसे राहू दिले. त्यांच्या जुन्या, सगळ्या सामानासकटच्या गाठोड्या शाबूत राहणार होत्या.

पुन्हा /व्हार/टीएमपीमध्ये बनवून पाहिली. ४५ एमबी. सत्तरमध्ये बसते, काहीही न उडवता.

मग ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. ही कमांड मला हाताने इनिटआरडी बनवण्यापेक्षा जास्त पटते, कारण अडकलेलं पॅकेज जिथे थांबलं तिथूनच ते पुढे नेते: इनिटआरडी बनवते, ग्रबचा मेनू लिहून घेते आणि ॲप्टची वही मिटवते. मेनू लिहिताना पडद्यावर ओळी येतात, त्या ताईला मोठ्याने वाचायला लावल्या. ‘फाउंड लिनक्स इमेज’ ६.१२, आणि लगेच खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ ६.१२. मग ६.१ च्या दोन जोड्या. जोडी न तुटलेली ऐकली की रीस्टार्टची निम्मी भीती जाते.

उरलेल्या निम्म्यासाठी ‘एलएसइनिटरॅमएफएस’ने नव्या फाइलच्या आत डोकावून पाहिलं. क्रिप्टसेटअप आहे, डीएम-क्रिप्ट आहे, एनव्हीएमई आहे. गाठोडी बांधताना ‘पॉसिबल मिसिंग फर्मवेअर’ असा इशारा एकदोनदा आला होता, तो बहुतेक वेळा सोडून देण्यासारखा असतो. रीस्टार्ट. व्हिडिओ कॉलवर दुसरी ओळ मलाही दिसली, आणि मग पासवर्ड. चालू कर्नल कुठला ते सांगणाऱ्या ‘युनेम -आर’चं उत्तर ६.१२.

जुना कर्नल उरलाच नसता तर

ताईच्या मेनूत जुने कर्नल होते म्हणून पुण्यात बसून हे जमलं. ते नसते, तर डेबियनच्या लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणाऱ्या, पेनड्राइव्हवरून आत जावं लागलं असतं. त्या रस्त्यावर एक खड्डा आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

लाइव्हमध्ये डिस्क उघडताना ‘क्रिप्टसेटअप ओपन’ला एक नाव द्यावं लागतं. बहुतेक लेखांत तिथे मनाला येईल ते नाव दिलेलं असतं. ते नाव आपल्या सिस्टिमच्या /ईटीसी/क्रिप्टटॅब फाइलमध्ये लिहिलेल्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. डेबियनच्या इन्स्टॉलरने दिलेलं नाव सहसा पार्टिशनच्या नावापुढे ‘_क्रिप्ट’ जोडून झालेलं असतं. वेगळं नाव दिलं तर रूट कुठल्या कुलपाआड आहे हे गाठोडी बांधणाऱ्या स्क्रिप्टला क्रिप्टटॅबशी जुळवता येत नाही, ती एक इशारा देते, आणि पासवर्ड विचारणारा भागच बाहेर ठेवून गाठोडी बांधू शकते. मग मशीन पॅनिक होत नाही, ‘इनिटरॅमएफएस’ प्रॉम्प्टवर जाऊन बसतं, आणि माणूस म्हणतो की आधी एक बिघाड होता, आता दुसरा झाला.

पहिल्यांदा कुठलंही नाव देऊन उघडलं, क्रिप्टटॅब वाचली, बंद केलं आणि बरोबर नावाने पुन्हा उघडलं, तर काही बिघडत नाही. पुढचं नेहमीचं: ‘व्हीजीचेंज -एवाय’ने एलव्हीएम (कुलपाआडच्या जागेची विभागणी सांभाळणारा थर) जागं करायचं, रूट माउंट करायचं, त्याच्या आत /बूट आणि ईएफआयचं पार्टिशन माउंट करायचं, डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन हे चार बाइंड करायचे (आतूनही दिसतील असे जोडायचे), सीएचरूट करायचं, म्हणजे आपल्या सिस्टिमच्या आत शिरायचं. /बूट माउंट करायला विसरलं तर इनिटआरडी रूटवरच्या रिकाम्या /बूट फोल्डरमध्ये तयार होते, सगळं यशस्वी झाल्याचं दिसतं आणि रीस्टार्टला तेच पॅनिक. आणि ‘मॉड्यूल्स=डेप’ वापरायचं तर सिस बाइंड केलेलं हवंच, कारण समोर कुठलं हार्डवेअर आहे ते तिथूनच वाचलं जातं.

/बूटचं पुढे काय

२३६ एमबीचं पार्टिशन हा मूळ प्रश्न सुटलेला नाही. तो सोडवायचा तर /बूटच्या लगेच पुढे असलेलं एन्क्रिप्टेड पार्टिशन आक्रसून मागे सरकवावं लागेल. आत आधी फाइलसिस्टिम लहान करायची, मग एलव्हीएम, मग एन्क्रिप्शनचा थर, मग पार्टिशन, आणि हे सगळं झाल्यावर सुरुवातीकडे जागा मोकळी करायला डेटाच हलवायचा. असं करणारे लोक आहेत. मी फोनवरून कुणाला हे करायला सांगणार नाही, आणि खरं तर समोर बसूनही नाही. सहा वर्षांच्या मशीनवर डेटाची नकल घेऊन, /बूट एक जीबीचं ठेवून नव्याने इन्स्टॉल करणं याला वेळ कमी लागतो आणि झोपही नीट लागते. ताईने ते दिवाळीच्या सुट्टीवर टाकलं.

तोपर्यंतचा हिशेब मात्र जुळवून ठेवला. ६.१२ वर आठवडाभर काम झाल्यावर ६.१ मधला जास्त जुना ‘ॲप्ट पर्ज’ने काढला आणि मोकळी जागा ९० एमबीच्या आसपास गेली. डेबियन १३ मधला पुढचा कर्नल नव्या पॅकेजच्या रूपात आला तर त्याला १२ अधिक ४५, म्हणजे ५७ एमबी लागतील. ते बसतात. पण त्यानंतर ६.१ चा उरलेला तसाच राहिला तर मोकळे फक्त पस्तीसच्या आत-बाहेर उरतात. मग एखाद्या साध्या अपडेटने इनिटआरडी पुन्हा बांधायला घेतली की ‘.न्यू’ फाइलला ४५ मिळत नाहीत. म्हणून नवा कर्नल एकदा नीट सुरू झालेला दिसला की ६.१ लाही निरोप द्यायचा, ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने, यादी वाचून मगच ‘वाय’ दाबत. इंटेल सोडून बाकीच्या ग्राफिक्स कार्डांची फर्मवेअर पॅकेजंही तिने काढून टाकली.

सप्टेंबरात पुढचा कर्नल आला. तिने अपडेट केलं, शेवटच्या वीसेक ओळी वाचल्या, ‘फाउंड लिनक्स इमेज’च्या खाली ‘फाउंड इनिटआरडी इमेज’ आहे का ते बघितलं, आणि मगच रीस्टार्ट केलं. फोन आला तो नंतर, दुसऱ्याच कामासाठी.